वाचणाऱ्या हाताची चूक

हाताने नक्कल करणारा मजकूर वाचत असे, म्हणून जुनी नक्कल शुद्ध. झेरॉक्स आले आणि तशी काळजीपूर्वक नक्कल संपली, असे जाणती माणसेही म्हणतात. पन्हाळ्यावर रामचंद्रपंत अमात्यांच्या समाधीपाशी उभे राहिले की ते पटूही लागते. मराठी राजनीतीवरच्या १७१५च्या आज्ञापत्राशी अमात्यांचे नाव जोडलेले. त्या काळचा सारा कारभार बोरूवर आणि मोडीवर चाललेला.

तरीही हे मत चुकीचे आहे. खुद्द लेखकूंनीच शुद्धतेची हमी घेतली नव्हती. जसे दिसले तसे उतरवले, दोष मला देऊ नका, पाठ-मान मोडून लिहिले आहे तेव्हा पोथी जपा, अशा अर्थाचे ठरीव श्लोक पोथ्यांच्या शेवटी सापडतात. हा केवळ विनय म्हणावा, तर शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरी शुद्ध करायला का बसावे लागले? तीनशे वर्षांच्या नकलांत पाठभेद साचले होते. आणि ते बेफिकीर हातांनीच आणले असे नाही. न समजता उतरवणाऱ्याचे अक्षर चुकते आणि ती चूक दिसून येते. समजून वाचणारा मात्र अडलेल्या जुन्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो; ओळ सुरळीत वाचली जाते आणि चूक लपते. ज्या वाचनाचा गौरव होतो, त्याच वाटेने मूळ पाठ हरवतो.

कायद्यानेही हे ओळखले होते. १८७२च्या पुरावा कायद्यात यांत्रिक क्रियेनेच जिची अचूकता राखली जाते अशा नकलेला वेगळे स्थान होते. नकलेवरून हाताने केलेली नक्कल मात्र मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय दुय्यम पुरावाही ठरत नसे. तशी यांत्रिक नक्कल पुढे झेरॉक्सने दिली. तिचा जनक चेस्टर कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात नकलांच्या कामाला कंटाळलेला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याने पहिली कोरडी प्रत उमटवली.

खोट्या कागदाचीही झेरॉक्स निघते, हा आक्षेप खरा आहे. पण तो खोटेपणा मुळातला. यंत्र त्यात स्वतःचा शब्द घालत नाही.

पन्हाळ्याच्या तहसीलीत वारसनोंदीसाठी गडाखालच्या गावांतून माणसे येतात. पूर्वी नकलेसाठी अर्ज करायचा, कारकुनाला सवड होईपर्यंत थांबायचे, पुन्हा गड चढायचा. आता आजोबांच्या खरेदीखताची प्रत मिनिटभरात निघते, आणि अस्सल कागद घडी करून पिशवीतून घरी परत जातो.