हलगी कुणाची, जत्रा कुणाची

चैत लागला की आमच्या सूतगिरणीतली निम्मी पोरं रजा टाकतात. गावची जत्रा. सुपरवायझर कावतो, पगार कापतो, तरी टाकतात. मीही टाकतो. पाळणा, गोडीशेव, बांगड्यांची दुकानं, कुस्त्यांचं मैदान, रातचा तमाशा, हे सगळं मला आवडतं. आणि हे आवडणंच मला खुपतं. का, ते सांगायचं तर मागं जावं लागतं. राजांच्या लढाया पुस्तकात आल्या. जत्रेत घाम कुणी गाळला, ते यायचं राहिलं. माझी शाळा दहावीपर्यंत, बाकी सगळं रात्रपाळीनंतरचं वाचन. चुकलं तर सांगा.

आज्जा सांगतो, जत्रा आमच्या वस्तीतनं सुरू व्हायची. गावोगाव सांगावा पोचवायचा कुणी? महारानं. वाट झाडायची, लाकडं फोडायची, मांडवाला खांब आणायचे, महारानं. आमच्या गावात हलगी आमच्या घराकडं, दुसऱ्या गावात ती मांगवाड्याकडं. मोबदला म्हंजे बलुतं, आणि मरीआईपुढं रेडा पडला तर त्यातला वाटा. पैलवान मैदानात उतरला की हलगी घुमलीच पाहिजे. हलगीवाल्याची सावली मात्र नको. देवळाच्या पायरीला तर शिवायचंच न्हाई. पण खोटं कशाला बोला, आज्जा हे सांगताना त्याचे डोळे लकाकतात. कुस्ती रंगली की हलगीवाला पैलवानाला खेळवायचा, म्हणतो. सगळं मैदान बापाच्या हातावर नाचायचं.

रातच्या तमाशाचंही तसंच. वगाची सुरुवात सांगतात ती सावळजच्या उमाबाबू मांगाच्या 'मोहना बटाव'पासनं, साल १८६५. पुढं वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मणाचं पोर, घरदार सोडून तमाशात शिरला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याच्या लावण्यांना बोर्डावर जीव दिला हिवरगावच्या पवळानं. पवळा महाराची. बापूरावांनी जात सोडली म्हणून गवगवा झाला, पवळाला सोडायला काय होतं? तिची जात तर तिकिटाबरोबरच विकली जायची. याच बापूरावांनी चळवळीला पैसा देऊ केला आणि बाबासाहेबांनी, आमच्या बायांना नाचवून मिळालेला पैसा नको, म्हणून तो परत केला, असं सांगतात. बाबासाहेबांचं बरोबरच होतं. तरी मला राहून राहून वाटतं, त्या वेळी पवळाला कुणी काही विचारलं असेल का?

१९३६ च्या मे महिन्यात मुंबईत महार परिषद भरली. हिंदूंचे देव, सण, यात्रा सोडायच्या, असं तिथं ठरलं. ठराव मुंबईत झाला, आमच्या गावात पोचायला वीस वर्षं गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली, त्यानंतर पणजानं देव्हारा नदीत सोडला, आणि पुढच्या चैतात हलगी न्यायला आलेल्या माणसांना हात जोडून सांगितलं, आता न्हाई. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, पण गावाच्या आधी पणजानंच वतन सोडलं होतं. त्या सालची जत्रा मुकी झाली. गावानं बाहेरनं वाजंत्री आणली, आमचं पीठ-मीठ बंद केलं. रानात कामाला कुणी घेईना. हे सगळं पणजीनं सोसलं, तोंडातनं ब्र काढला न्हाई. फक्त जत्रेच्या रातीला ती गायब झाली. पोरानं, म्हंजे माझ्या आज्जानं, शोधली तर ती मांडवामागं, बाभळीखाली, अंधारात उभी. ढोलकी ऐकत होती. पोराला म्हणाली, घरात सांगू नगं. आज्जानं साठ वर्षं सांगितलं न्हाई.

मला या बाईला फितूर म्हणवत न्हाई.

आंबेडकरी जलसेकारांना हे कळलं होतं. भीमराव कर्डकांनी नाशकाकडं जलसा उभा केला. ढोलकी तीच, सवाल-जवाब तेच, पण बोलणं आपलं, हक्काचं. अण्णाभाऊ साठेही वाटेगावचे, नात्यातल्या फडात वाढलेले. मुंबईत गिरणीत राबले आणि १९४४ साली अमर शेख, गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढून तमाशाला कामगाराची भाषा दिली. ढोलकी त्यांनी टाकली न्हाई, काढून घेतली.

फडावर राहिल्या त्यांचं काय झालं? नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. त्याच नारायणगावची विठाबाई, भाऊ मांगाची लेक. बोर्डामागं बाळंत झाली, नाळ दगडानं ठेचली आणि परत नाचायला उभी राहिली, असं सांगतात. लोक हे कौतुकानं सांगतात. मला त्यात फक्त मालक-कामगार दिसतो: बाळंतपणाची रजासुद्धा न्हाई! राष्ट्रपतींकडून मान मिळाला, शेवट हलाखीत, २००२ ला गेली. २०२० ला पाडवा आला २५ मार्चला, टाळेबंदीचा पहिला दिवस. राहुट्या रिकाम्या राहिल्या. त्या सालचं आणि पुढच्या सालचं जत्रांचं उत्पन्न बुडालं, कलावंत मजुरीला गेले.

आमची हलगी अजून घरात आहे, आढ्याला टांगलेली. गेल्या जयंतीला, चौदा एप्रिलला, वस्तीतल्या पोरांनी ती काढली. मिरवणुकीत डीजे होता, तो चौकात बंद पडला. पोरं लागली बडवायला. आज्जा ओट्यावर बसलेला, चौऱ्यांशी वर्षांचा, काठी टेकून. दोन मिनिटं ऐकलं आणि ओरडला, "आरं, आधी शेकून घ्या की तिला! ढिली वाजतीया!" पोरांनी पाचट पेटवलं. हलगी शेकली. मग आज्जानं हात पुढं केला.