नाताळ घरांत आला तो

इंग्रजांचा नाताळ म्हटला कीं एक ठराविक चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. बाहेर बर्फ, आंत पेटलेली शेगडी, कोपऱ्यांत शृंगारलेलें झाड, आणि भोंवतीं आईबाप, मुलें व एखादी वृद्ध मावशी. हें चित्र फार पुरातन असावें असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याला रंगरूप आलें तें व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या पहिल्या दहाबारा वर्षांत. त्यापूर्वींचा नाताळ घरांत मावणारा नव्हताच.

मध्ययुगांत हा उत्सव बारा दिवस चाले. शेतीचीं कामें थंडावलेलीं, जनावरें कापून मांस साठविलेलें, नवें मद्य तयार झालेलें. अशा वेळीं मोठ्या वाड्यांतून एखाद्या साध्यासुध्या माणसाला ‘गोंधळाचा राजा’ नेमीत आणि थोरामोठ्यांना त्याचे हुकूम पाळावे लागत. गांवचीं पोरें गाणीं म्हणत दारोदार फिरत, मद्य व खाऊ मागत आणि न मिळाल्यास शिव्याशाप देत. या नाताळाचें नातें आजच्या शांत नाताळापेक्षां आपल्या शिमग्याशीं अधिक जवळचें होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्युरिटन पंथाच्या लोकांना हा धिंगाणा मुळींच रुचत नसे. शिवाय ख्रिस्तजन्माच्या तिथीला बायबलांत आधार नाहीं, हाही त्यांचा आक्षेप होताच. यादवी युद्धांत पार्लमेंटची सरशी होतांच १६४७ च्या जूनमध्यें नाताळ कायद्यानें रद्द झाला. त्याच वर्षीं २५ डिसेंबरला कँटरबरीच्या नगराध्यक्षानें दुकानें उघडीं ठेवण्यास फर्माविलें, तेव्हां जमावानें दुकानें फोडलीं आणि खुद्द नगराध्यक्षाला मार खावा लागला. पुढें दंगेखोरांवर खटला भरण्यास तेथील पंचांनीं साफ नकार दिला. समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्समध्यें १६५९ सालीं नाताळ पाळणाराला पांच शिलिंग दंड ठरला व तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. इंग्लंडांत मात्र १६६० मध्यें राजा परत आला आणि त्याच्याबरोबर नाताळही परतला.

कायद्याला जें साधलें नाहीं तें पुढें गिरणीनें साधलें. वाफेचें यंत्र बारा दिवस थांबत नाहीं. बँक ऑफ इंग्लंडमध्यें पूर्वीं वर्षाकांठीं तीसचाळीस सुट्या असत. १८३४ मध्यें त्या अवघ्या चार उरल्या. १८३३ च्या फॅक्टरी कायद्यानें गिरणींतल्या मुलांना नाताळाची रजा दिली, पण ती एकाच दिवसाची. बारा दिवसांचा उत्सव एका दिवसांत कोंबावयाचा, तर तो रस्त्यावर किंवा वाड्यावर करण्यास सवड कोठली? तो घरांतच करणें भाग होतें.

या आक्रसलेल्या सणाला अर्थ दिला तो डिकन्सनें. त्याचें ‘ए ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ रोजीं प्रसिद्ध झालें आणि पांच दिवसांत त्याच्या सहा हजार प्रती खपल्या. आठवड्याला पंधरा शिलिंग मिळविणारा त्यांतील कारकून क्रॅचिट मालकापाशीं मागतो तें एवढेंच, कीं एक दिवस घरीं राहूं द्यावें. त्याच्या घरचें हंस पक्ष्याचें मांस भटारखान्यांतून भाजून आणलें जातें, कारण गरिबांच्या खोल्यांत भट्टी नसे. सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हें त्या जेवणाच्या वर्णनानें जेवढें पटविलें तेवढें कोणत्याही व्याख्यानानें पटविलें नसेल.

झाड आलें तें जर्मनींतून. जॉर्ज राजाची जर्मन राणी शार्लट हिनें १८०० मध्यें विंडसर येथें तें उभारलें होतें, परंतु सामान्य घरांत तें शिरलें १८४८ नंतर. त्या वर्षीं एका सचित्र साप्ताहिकांत व्हिक्टोरिया, अल्बर्ट व त्यांचीं मुलें झाडाभोंवतीं उभीं असल्याचें चित्र छापलें गेलें. अमेरिकेंतील एका मासिकानें तेंच चित्र १८५० मध्यें घेतलें. मात्र राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसून टाकल्या! लोकशाही देशांतल्या गृहिणींना राजघराण्याऐवजीं एक सुखी कुटुंब तेवढें पाहिजे होतें.

या गृहसौख्याचा भार कोणावर पडे, हेंही सांगितलें पाहिजे. शेगडी पेटविणारी मोलकरीण आपल्या घरीं नसे. तिची सुट्टी दुसऱ्या दिवशीं, बक्षिसाची पेटी घेऊन. त्या २६ डिसेंबरला इंग्लंडांत कायद्याची सुट्टी मिळाली ती सर जॉन लबक यांच्या १८७१ च्या बिलामुळें. स्कॉटलंडांत तर प्युरिटनांच्या भाऊबंदांचा पगडा इतका कीं नाताळ ही सार्वजनिक सुट्टी व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें.

पुढें रेडिओनेंही या घरगुती सणांत आपली जागा धरली. २५ डिसेंबर १९३२ रोजीं पांचव्या जॉर्जनें सँड्रिंगहॅमहून पहिलें नाताळचें भाषण केलें. तें किप्लिंगनें लिहून दिलें होतें.

हिंदुस्थानांत मात्र या सुट्टीचें कांहीं निराळेंच झालें. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, सुट्टी इंग्रजांची. साहेब घरीं बसे आणि कोर्टें व कचेऱ्या बंद. मग एतद्देशीय वकील व नोकरवर्ग मोकळा सांपडे. म्हणूनच राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजीं मुंबईस भरलें. तें पुण्यास व्हावयाचें होतें, पण तेथें पटकीची सांथ उद्भवली. पुढें चार दशकांहून अधिक काळ शिकलेल्या घरांतला कर्ता पुरुष नाताळांत घरीं सांपडणें कठीण झालें. तो मद्रासेस, नाहींतर कलकत्त्यास मंडपांत बसलेला असे. सत्ताधाऱ्यांनीं कुटुंबासाठीं राखलेला आठवडा त्यांच्याविरुद्ध ठराव करण्यास उपयोगीं पडला. अखेर १९२९ च्या लाहोर अधिवेशनांत असें ठरलें कीं, गरिबांना डिसेंबरांतल्या थंडीसाठीं जादा कपड्यांचा खर्च सोसत नाहीं, तेव्हां सभा फेब्रुवारी-मार्चमध्यें भरवावी. त्याप्रमाणें पुढचें अधिवेशन कराचीस १९३१ च्या मार्चमध्यें भरलें.