दम्याचा पंप मध्येच का सुटतो?

धाप थांबली की पंप कपाटात जातो. श्वासनलिकांची सूज मात्र धाप नसतानाही राहते. ती उतरवतो रोजच्या पंपातील स्टेरॉइड. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीची मिलिग्रॅममध्ये. तरी ‘पंपाची सवय लागते’ ही भीती घराघरांत आहे. नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवू नये, असे ‘जीना’ ही जागतिक दमा संस्था मोठ्यांसाठी २०१९ पासून सांगते.

वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्यांनी ‘औषध घेता ना?’ असे विचारू नये, उत्तर ‘हो’च येते. ‘गेल्या आठवड्यात किती दिवस राहिले?’ असे विचारावे. पैशांमुळे राहिले असेल तर तेही मग कळते, डॉक्टरांना स्वस्त पर्याय विचारता येतो. पंप ओढून दाखवायला सांगावे. पुष्कळदा चूक तिथेच सापडते. नंतर चूळ भरावी, म्हणजे तोंडात बुरशीचा त्रास कमी होतो.