मुलाखतीचा सूट : 'लग्नातही चालेल' असा घेऊ नका

मुलाखतीचं पत्र आलं की अभ्यासाच्या आधी घरात सुटाची चर्चा सुरू होते. "घेतोच आहोत तर जरा चांगला घे, पुढं ताईच्या लग्नातही होईल," हे वाक्य बेळगाव-खानापुरात ऐका नाहीतर इंदूर-बडोद्यात, शब्द तेच. पैसे वाचवायच्या हेतूनं म्हटलेलं हे वाक्यच बहुतेक वेळा पैसे वाया घालवतं. लग्नातला सूट मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून उठून दिसावा म्हणून शिवतात. बँकेच्या, सीए फर्मच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या मंडळासमोर नेमकं उलटं हवं असतं. तुम्ही बाहेर पडल्यावर समोरच्यांना सुटाचा रंग आठवला नाही, तर सूट बरोबर होता. एकाच कापडातून ही दोन्ही कामं होत नाहीत.

मुळात सूट लागतो का?

हे आधी ठरवा, कारण अनेकांना तो लागतच नाही. केंद्र सरकारच्या गट 'क', गट 'ड' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद आहेत. आयबीपीएसच्या क्लार्क भरतीलाही मुलाखत नसते. प्रोबेशनरी ऑफिसरला असते. ती 100 गुणांची असून अंतिम यादीत लेखी आणि मुलाखत यांचं प्रमाण 80:20 धरतात. पण तिथंही सुटाचा नियम नाही. पूर्ण बाह्यांचा पांढरा किंवा फिकट निळा शर्ट, गडद पँट, साधा टाय आणि पॉलिश केलेले लेसचे बूट एवढ्यावर काम भागतं. या एका मुलाखतीसाठी कर्ज काढून सूट शिवणाऱ्या घरांनी तो पैसा राहण्या-प्रवासाला ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सूट खरोखर अपेक्षित असतो तो दुसऱ्या ठिकाणी. मोठ्या ऑडिट फर्म, सीए संस्थेच्या कॅम्पस मुलाखती, खासगी बँकांची व्यवस्थापन पदं, कॉर्पोरेट वकिलांच्या फर्म. दिल्लीत धोलपूर हाऊसमध्ये होणाऱ्या आयोगाच्या व्यक्तिमत्त्व चाचणीला 2025 पैकी 275 गुण आहेत. तिथं बहुतेक मुलं सूट किंवा बंदगळा घालून जातात. बंदगळ्यात टायची कटकट नाही, पण गळ्याला तो नीट बसला पाहिजे. सैल गळ्याचा बंदगळा सैल सुटापेक्षा वाईट दिसतो.

रंग

गडद निळा किंवा गडद राखाडी. इथंच थांबलात तरी चालेल. काळा रंग 'सगळ्यात फॉर्मल' अशी आपल्याकडं समजूत आहे, पण दिवसा, ट्यूबलाइटखाली काळा सूट चेहऱ्यावरचा थकवा वाढवतो. शिवाय आपल्या देशात काळा कोट म्हणजे वकील, नाहीतर रेल्वेचा टीसी. वकिलीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी तो जरूर घालावा. वाइन, आकाशी, चमकणारा राखाडी, चौकडा, कॉलरला साटिनची पट्टी, हे सगळं मांडवासाठी ठेवा. तिसरा पीस, म्हणजे वेस्टकोटही नको. दोन बटणांचा, साध्या खाचेच्या कॉलरचा कोट घ्या.

आहेरातलं कापड चालेल का?

आपल्या घरांतला हा अगदी व्यवहारी प्रश्न आहे. कपाटात आहेरात आलेले दोन-तीन पीस पडलेले असतात. ते आधी मोजा. साध्या पँट पीसमध्ये सव्वा मीटरच्या आसपास कापड असतं. 58-60 इंच पन्ह्याच्या कापडातून कोट आणि पँट दोन्ही काढायची तर तीन ते सव्वातीन मीटर लागतं. उंच किंवा जाड अंगाच्या मुलाला थोडं जास्तच. कमी कापडात 'बसवतो' म्हणणारा मास्तर आतली माया कमी ठेवतो, आणि पुढं दोन इंच अंग वाढलं की कोट कायमचा गेला.

माप पुरत असेल तर कापडाची किनार वाचा, तिथं मिलचं नाव आणि बऱ्याचदा मिश्रण छापलेलं असतं. भिलवाड्याचं बहुतेक सूटिंग पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं असतं. स्वस्त, टिकाऊ, घरी सांभाळायला सोपं आणि पहिल्या मुलाखतीला पुरेसं. लोकरीचं मिश्रण असलेलं कापड अंगावर जास्त छान पडतं, सुरकुती स्वतःच सोडतं आणि चमकत नाही. आपल्या वाचकांच्या गावांचं या धंद्याशी जुनं नातं आहे. ग्वाल्हेर सूटिंगवाल्या ग्रासिमच्या नावातच ग्वाल्हेर आहे आणि बडोद्याची दिनेश मिल लोकरी कापडासाठी ओळखली गेली. 'सुपर 100', 'सुपर 120' हे आकडे लोकरीच्या धाग्याच्या बारीकपणाचे असतात. पॉलिएस्टर-व्हिस्कोसवर तो आकडा छापला असेल तर त्याचे जादा पैसे देऊ नका. दुकानात कापडाचा कोपरा मुठीत घट्ट दाबा, दहापर्यंत मोजा आणि सोडा. सुरकुती तशीच राहिली तर पुढचं ठाण बघा. मग कापड दुकानाबाहेर नेऊन उन्हात धरा, आतल्या दिव्यांत न दिसलेली चमक तिथं दिसते.

ऋतूही बघा. आयोगाच्या मुलाखती साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये होतात. जानेवारीच्या दिल्लीला जाड कापड बरं वाटतं, एप्रिलच्या दिल्लीला किंवा हैदराबादला तेच अंगाची वाफ करतं. बेळगावच्या हवेत मास्तरकडं ट्रायल देताना हे कळत नाही.

रेडिमेड की शिवलेला?

थोडा हिशोब सांगतो. सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर नगामागं 5 टक्के जीएसटी आहे, त्यावर 18 टक्के. कापडावर मात्र 5 टक्केच. म्हणजे चांगल्या रेडिमेड सुटाच्या छापील किमतीत 18 टक्के कर आधीच बसलेला असतो. त्यामुळं शिवलेला स्वस्त पडतो असं मात्र समजू नका. कोटाची शिलाई पुष्कळदा साध्या कापडाच्या किमतीला मागं टाकते. आणि कोट शिवणं हे पँट शिवण्यासारखं नाही. खडेबाजारात किंवा इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटच्या आसपास बोर्ड पुष्कळ असतात, पण कोट स्वतः कापणारा मास्तर वेगळा असतो. त्याला विचारा, कच्च्या शिलाईची ट्रायल देणार का? "गरज नाही, माप पक्कं आहे" असं उत्तर आलं तर रेडिमेडच घ्या.

वेळेचंही गणित आहे. आयोगाच्या मुख्य परीक्षेचा निकाल साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात लागतो, आणि तुळशीचं लग्न झालं की सगळे मास्तर लग्नाच्या कामात बुडालेले असतात. तीन आठवडे हातात नसतील तर शिवायला टाकू नका.

खांदा बसला की बाकीचं जमतं

रेडिमेड घेताना, भावाचा मागून घेताना, भाड्यानं आणताना, कसोटी एकच. कोटाच्या खांद्याची शिवण तुमच्या खांद्याचं हाड संपतं तिथंच संपली पाहिजे. खाली ओघळली तर कोट मोठा, बाहीच्या वर फुगवटा आला तर लहान. बाही आखूड करता येते, कंबर आवळता येते, पँटची उंची आणि मोहरी तासाभरात होते. खांदा उसवून परत बसवणं मात्र जवळजवळ नवा कोट शिवण्याइतकं काम आहे, आणि फार थोड्या मास्तरांना ते जमतं. म्हणून दुकानात कंबरेचा घेर बघत बसू नका.

खांद्यानंतर मान. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून हवी, मध्ये बोट जाईल अशी फट नको. वरचं बटण लावून आरशात बघा. बटणापासून इंग्रजी एक्ससारख्या घड्या ताणल्या गेल्या तर कोट घट्ट आहे. खालचं बटण कधीच लावायचं नसतं. बाहीखालून शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसावा. कोटानं मागचा भाग झाकला पाहिजे. हल्लीचे आखूड कोट जाहिरातीत शोभतात, पन्नाशीच्या पॅनेलसमोर शोभत नाहीत. शेवटी खुर्चीवर बसून बघा, कारण मुलाखत उभ्यानं होत नाही. बसताना बटण काढा, पँट मांडीवर ताणली जाते का आणि मोज्याच्या वर पाय दिसतो का ते पाहा. मोजे लांब आणि गडद घ्या.

टायचं टोक बेल्टच्या बकलापर्यंत यावं. बेल्ट आणि बूट एकाच रंगाचे.

मुलींसाठी

मुलींना इथं मुलांपेक्षा जास्त वाट मोकळी आहे. आयोगाच्या आणि बँकांच्या मुलाखतींना साडी पूर्ण चालते. शांत रंगाची इरकल, माहेश्वरी किंवा बारीक काठाची सुती साडी कुठल्याही सुटाइतकी रीतसर दिसते. पण साडी रोजची सवय नसेल तर त्या दिवशी पहिल्यांदा नेसू नका. सलवार-कमीज घातलीत तर ओढणी दोन्ही खांद्यांना पिन करा. कॉर्पोरेट फर्मसाठी पँट-सूट हवा असेल तर तो बायकांचे कोट कापणाऱ्याकडंच शिवा. पुरुषांच्या मापाचा कोट नुसता आवळून दिला तर छातीपाशी उघडतो आणि मुंढ्यात काचतो.

प्रवास आणि आदली रात्र

सूट घालून रात्रीच्या गाडीत बसू नका. कव्हरमध्ये टांगून नेता आला तर उत्तम. बॅगेत घालायचा तर एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवा, म्हणजे अस्तर बाहेर येतं आणि कापड आत सुरक्षित राहतं. मध्ये एक टॉवेल गुंडाळा. लॉजवर पोचल्याबरोबर हँगरला लावा आणि बाथरूममध्ये गरम पाणी सोडून त्या वाफेत पंधरा मिनिटं ठेवा, बऱ्याचशा सुरकुत्या जातात. इस्त्री थेट कोटावर फिरवू नका. वर ओलसर सुती कापड धरा, नाहीतर कापड चमकतं आणि ती चमक परत जात नाही. रेडिमेड कोटात आतलं फ्युजिंग चिकटवलेलं असतं, जास्त तापलं तर छातीवर फोड आल्यासारखं दिसतं.

नव्या कोटाच्या मागच्या चिरेला फुलीसारखा धागा घातलेला असतो, तो कापायचा असतो. बाहीवर बाहेरून शिवलेलं कंपनीचं लेबलही काढायचं असतं. खिसे शिवून बंद आलेले असतील तर वरचा तसाच राहू द्या, खालचेही न उघडलेले बरे. मोबाइल, किल्ल्या आणि गाडीचं तिकीट त्यात कोंबायचा मोह होत नाही.