रातपाळीचं जेवण रांधलं कोणी?

मुंबईच्या कापडगिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या. कोकणातून, घाटावरून गेलेले आपले गडी एकेका खोलीत दाटीनं राहायचे. एका पाळीचे निजायचे तेव्हा दुसऱ्या पाळीचे कामावर. बायकापोरं गावी, म्हणून जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे तरी काय, चाळीतल्याच एखाद्या बाईची चूल! तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यांना रात्री जेवून निघायचं असे, दुसरी पाळी मध्यरात्री सुटून भुकेली येई, आणि पहाटे पहिल्या पाळीसाठी पुन्हा भाकऱ्या. १९११च्या कारखाना कायद्यानं बायांना गिरणीत रात्री कामाला लावायची बंदी केली. चुलीपुढची रातपाळी मात्र चालूच राहिली.

गडी पैसे देत पगार झाल्यावर, महिन्यानं. तोवर वाण्याची उधारी चढे, मग सावकार. गिरणीकामगार वेळेवर जेवला तो या बाईच्या कर्जावर, असं आम्ही म्हणतो. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. (नाबार्डनं बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली ती १९९२ साली.) पुढे १९८२च्या संपात गिरण्या थांबल्या, कित्येक गडी गावी परतले, आणि खानावळीतली ताटं कमी होत गेली.