सागाचं बी हुकूम ऐकत नाही



या मालिकेत आपण किल्ले, लढाया, आरमार यांवर पुष्कळ बोललो. आज एका बीबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मध्य प्रदेशातल्या एका छावणीत मी पलटणीचा सीओ होतो. वृक्षारोपणाचा आदेश आला. आम्ही पोतंभर सागाचं बी आणून पिशव्यांत टोचलं. तीन आठवडे झाले तरी पाच-सात पिशव्यांतच कोंब दिसत होते. वरिष्ठांची पाहणी जवळ आलेली. आमचा म्हातारा माळी म्हणाला, "साब, ये सागौन है, गेहूँ नहीं. टाइम लेगा." मी ऐकलं नाही. पिशव्या स्टोअरमागच्या खड्ड्यात रिकाम्या करायला लावल्या आणि तयार रोपं विकत आणली. पुढच्या पावसाळ्यात त्याच ढिगावर सागाची रोपं उभी राहिली. माळी काहीच बोलला नाही. मला तेच जास्त लागलं.

असं का झालं, ते समजायला साग फळतो कसा ते पाहावं लागेल. ऐन पावसाळ्यात सागाच्या शेंड्यावर मोठा फुलोरा येतो. त्यात हजारो बारीक पांढरी फुलं असतात. एक फूल उमलतं ते जेमतेम एका दिवसासाठी. तेवढ्या वेळात मधमाशीनं किंवा दुसऱ्या किड्यानं पराग आणून टाकला तरच काही होणार. तोही शक्यतो दुसऱ्या झाडाचा असावा लागतो. स्वतःच्या परागानं सागाला फळ फारसं धरत नाही. म्हणून इतक्या फुलांतून फळं मोजकीच होतात. थंडीत ती पिकतात. बाहेर कागदी फुग्यासारखं आवरण, आत लवेसारखी तपकिरी साल आणि तिच्या आत दगडासारखं कठीण कवच. कवचात चार कप्पे असतात. कधी चारही भरलेले, कधी सगळे रिकामे. ज्याला आपण 'सागाचं बी' म्हणतो, ते खरं तर हे अख्खं फळ असतं.

हे कवच ऊन, पाऊस, कधी वणव्याची धग सोसून हळूहळू सैल होतं. काही बिया पहिल्या पावसात उगवतात, काही दुसऱ्या वर्षी, काही त्याहून उशिरा. आम्हा फौजींच्या भाषेत, झाड सगळी कुमक एकाच दिवशी मैदानात उतरवत नाही. एक पाऊस दगा देऊन गेला तरी राखीव तुकडी जमिनीत शिल्लक असते. याउलट डेहराडूनकडचा साल वृक्ष पाहा. त्याचं पंखवालं फळ पावसाच्या तोंडावर पडतं आणि काही दिवसांत रुजलं नाही तर बी मरतं. दोघांचीही पानं रुंद, दोघांचंही लाकूड मोलाचं, पण वेळापत्रक अगदी उलटं.

आता इतिहासाकडे वळू. सागाच्या लाकडाची किंमत सगळ्यांना ठाऊक होती. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग परवानगीनं तोडावा असं सांगितलंय. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडं रयतेनं वर्षानुवर्षं जतन केलेली असतात, अशी ताकीद आहे. पुढं मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं इंग्रजांसाठी सागाची जहाजं बांधली. १८१७ साली तिथं मलबारी सागातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. हा साग मिळत राहावा म्हणून कंपनीनं १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना जंगलांचे कॉन्झर्व्हेटर नेमलं. लोकांच्या झाडांवरही मक्तेदारी आली, असंतोष वाढला आणि १८२३ मध्ये ते पद रद्द झालं. लाकूड तोडण्याचे हुकूम निघाले. झाड परत उभं कसं करायचं, ते मात्र कुणाला येत नव्हतं.

१८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर एच. व्ही. कोनोली यांनी निलंबूरला साग लावायचं ठरवलं. चालियार नदीकाठची ती जमीन. बी पेरलं, आणि ते उगवेना! कवच काढून पाहिलं, गवत जाळून धग देऊन पाहिलं. बरीचशी खटपट फुकट गेली. माझ्या तीन आठवड्यांसारखंच, फक्त त्यांचे हंगामच्या हंगाम गेले.

मार्ग काढला तो चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्यानं. बी भिजवायचं, गादीवाफ्यावर पेरायचं, वर पेंढा पसरून ओल टिकवायची, रोज पाणी द्यायचं आणि थांबायचं. रोपं तयार झाली की पावसाळ्यात जागेवर लावायची. १८४४ पासून त्यांना चांगलं यश येऊ लागलं. १८६२ पर्यंत तिथं दहा लाखांहून जास्त सागाची लागवड झाली. कोनोली ते पाहायला नव्हते. १८५५ मध्ये कोळिकोडला त्यांच्या राहत्या बंगल्यात त्यांची हत्या झाली.

निवृत्तीनंतर मी निलंबूरला गेलो. त्या जुन्या लागवडीचा सुमारे २.३ हेक्टरचा तुकडा राखून ठेवलाय. खोडाला दोन्ही हातांनी कवटाळायला गेलो तर हात पुरेनात. खाली पाचोळ्यात वाळलेली फळं पडली होती. चार उचलली आणि खिशात टाकली. त्या तुकड्याला 'कोनोली प्लॉट' म्हणतात. कोनोलींनी पैसा आणि पाठबळ मिळवलं, ते त्यांचं श्रेय खरंच. पण बी रुजवलं ते मेननांनी, आणि त्यांचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

हे म्हणायला मी कोण? आमच्या छावणीत त्या वर्षीच्या झाडांपाशी एक फरशी आहे. तिच्यावर हुद्द्यासकट माझं नाव कोरलंय. माळ्याचं पूर्ण नाव काय होतं, ते मी त्याला कधी विचारलंच नाही.

निलंबूरहून आणलेली ती चार फळं कुंडीत आहेत. दोन पावसाळे झाले. एक उगवलंय. बाकीच्या तिघांना मी हात लावलेला नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!