मैदान सरकारचे, दार कोणाचे?

"संस्था आमची आहे, सभासद कोणाला करायचे ते आम्ही ठरवू." हे वाक्य मुंबईत कुठेही ऐकायला मिळते. हाउसिंग सोसायटीत ऐकू येते, क्लबात ऐकू येते, कधी कधी तर तरुणांच्या मंडळातही. ऐकायला ते संविधानाला धरूनच वाटते, कारण संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य कलम 19 ने दिलेलेच आहे. त्यामुळे आमच्यातले शिकलेले कार्यकर्तेही इथे गप्प बसतात. आमचे म्हणणे असे, की गप्प बसण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: संस्था तुमची, पण जमीन कोणाची?

शीव कोळीवाड्यातल्या मुलांना घेऊन आम्ही हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरतो आणि चालत मरीन लाइन्सकडे जातो, तेव्हा मुले हटकून विचारतात, "एवढी मोठी मैदाने कोणाची?" आमच्याकडे फाळणीनंतर निर्वासितांची छावणी झाली, तिच्या आजूबाजूला वस्त्या वाढल्या, जुन्या कोळीवाड्याचे नाव स्टेशनवरूनही गेले आणि जीटीबी नगर आले. मुलांना खेळायला मिळते ते गल्लीत, नाहीतर पार्क केलेल्या गाड्यांच्या मधे. आणि इथे समुद्रासमोर ओळीने हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना, कॅथलिक जिमखाना. पाट्या वाचल्या की मुलांचा पुढचा प्रश्न तयार असतो, "आपला कुठला?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर 1881 पर्यंत मागे जावे लागते. बॉम्बे जिमखाना 1875 चा, फक्त गोऱ्यांचा. त्यांचे साहेब लोक एस्प्लनेडच्या मैदानावर पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी हिंदी पोरांची खेळपट्टी उखडत. शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकाराने हिंदी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केला, की मैदान सर्वांचे आहे. भांडण काही वर्षे चालले. सरकारने शेवटी काय केले? गोऱ्यांचा क्लब सर्वांना खुला केला नाही. समुद्राकाठच्या जागेचे तुकडे पाडले आणि एकेका धर्माच्या जिमखान्याला एकेक तुकडा दिला. पारशी जिमखाना 1885 चा, आणि गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या काळात हिंदू आणि मुस्लिम जिमखान्यांना भूखंड मिळाले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना 1894 मध्ये सुरू झाला. सरकारी जमीन धर्माच्या नावाने वाटली गेली ती अशी. 'फोडा आणि राज्य करा' म्हणून इंग्रजांना शिव्या देणे सोपे आहे, पण तुकडे घ्यायला आपलेच श्रीमंत रांगेत उभे होते, हे विसरू नये.

'हिंदू' या शब्दात कोण बसतो, हा प्रश्न मग खेळपट्टीवरच सोडवावा लागला. पालवणकर बाळू चांभार समाजातले, जन्म 1876. पुण्यात युरोपियनांच्या क्लबावर खेळपट्टीची कामे करता करता ते गोऱ्या फलंदाजांना गोलंदाजी करू लागले. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते आणि बाळूंशिवाय ते जमणारे नव्हते. म्हणून त्यांना संघात घेतले, पण चहाच्या वेळी ते बाहेर बसत, मातीच्या भांड्यातून पीत आणि जेवणाचे ताट वेगळे असे. चेंडूला त्यांचा हात लागलेला चालत होता, कपाला चालत नव्हता.

पुढे ते मुंबईत आले. हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यायलाही कुरबूर झालीच, पण 1906 च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियन संघाला हरवले त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. एवढ्या कर्तबगारीनंतर कर्णधारपद कोणाकडे जायला हवे होते, ते सांगायला क्रिकेटचे ज्ञान लागत नाही. ते बाळूंना कधीच मिळाले नाही. 1920 मध्ये तर बाळूंना वगळले आणि भाऊ विठ्ठल यांना डावलून कर्णधारपद सवर्णाकडेच ठेवले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे हे घडते आहे असे उघडपणे सांगितले. शहरात गवगवा झाला, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधार केले गेले. विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले ते 1923 मध्ये.

हेच बाळू 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. म्हणून आमच्यातले काही लोक त्यांचे नावच टाळतात. आम्हाला ते पटत नाही. राजकारणात ते चुकले असे आम्ही म्हणू, पण मातीच्या भांड्यातला चहा त्यांनी आपल्या सर्वांच्या वतीने प्यायला आहे.

एका गोष्टीकडे मात्र इतिहासाच्या पुस्तकांत फारसे लक्ष जात नाही. विठ्ठल कर्णधार झाले त्याच 1923 साली, 4 ऑगस्टला, रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कोर्टे, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. महाडच्या संदर्भात आपण तो नेहमी सांगतो, पण त्यातले तत्त्व पाण्यापुरते नाही. तत्त्व असे, की ज्यात सार्वजनिक पैसा आहे त्याचे दार खाजगी राहू शकत नाही. ठराव कागदावरच राहतो आहे हे दिसल्यावर 5 ऑगस्ट 1926 ला बोल्यांनी पुढचा ठराव आणला, की जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हा ठराव अमलात आणणार नाही, त्याचे सरकारी अनुदान बंद करावे. भंडारी समाजातल्या या माणसाने नाडी बरोबर पकडली होती. नुसता उपदेश केला नाही, पैशाला हात घातला.

त्यावर सनातन्यांचा प्रतिवाद काय होता? महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी तिथले पाणी घेतले आणि त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने शेपूट घालून ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सनातनी कोर्टात गेले. तिथे त्यांनी धर्मापेक्षा जास्त भर कशावर दिला, तर तळे खाजगी आहे यावर! वर्षानुवर्षे ज्याचा गाळ आणि काठ नगरपालिका सांभाळत होती, ते तळे एका रात्रीत खाजगी झाले. दहा वर्षे खटला चालला आणि 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना मनाई करणारी प्राचीन वहिवाट सिद्ध झालेली नाही. पहिल्या परिच्छेदातले वाक्य आणि महाडचा दावा शेजारी ठेवून पाहा.

हाच वाद 80 वर्षांनी अमेरिकेत झाला, बॉय स्काउट्सवरून. स्काउट चळवळ आपल्याला परकी नाही. ती भारतात 1909 मध्ये आली, तेव्हा गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांसाठी होती. हिंदी मुलांना दार बंद, म्हणून अ‍ॅनी बेझंट यांना मद्रासमध्ये वेगळी स्काउट संघटना काढावी लागली होती. फिलाडेल्फिया शहराने 1928 मध्ये स्काउट्सच्या स्थानिक शाखेला शहराची जागा बिनभाड्याने दिली. इमारत स्काउट्सनी आपल्या पैशाने बांधली. शहराने 1982 मध्ये भेदभावविरोधी कायद्यात समलिंगी नागरिकांनाही संरक्षण दिले, पण स्काउट्स समलिंगी मुलांना आणि प्रशिक्षकांना घेत नव्हते. 2000 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले, की खाजगी संघटनेला आपले सभासद निवडता येतात.

शहराने मग बोल्यांचाच मार्ग धरला, त्यांचे नाव न ऐकता. 2007 मध्ये शहराने सांगितले: धोरण बदला, नाहीतर बाजारभावाने वर्षाला 2 लाख डॉलर भाडे भरा, नाहीतर जागा सोडा. स्काउट्स 2008 मध्ये कोर्टात गेले आणि 2010 मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, की ही अट त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर दडपण आणते. शेवटी 2013 मध्ये तडजोड झाली. स्काउट्सनी इमारत सोडली आणि शहराने त्यांना 8 लाख 25 हजार डॉलर दिले. त्याच वर्षी राष्ट्रीय संघटनेने समलिंगी मुलांवरची बंदी उठवली, 2015 मध्ये प्रौढ प्रशिक्षकांवरचीही. कोर्टात शहर हरले होते, तरी बाहेर उठलेला आवाज वाया गेला नाही. समलिंगी मुलांचा प्रश्न आपला नाही, असे कोणी कार्यकर्ता म्हणत असेल तर त्याने बाळूंचा चहा आठवावा.

आपल्याकडेही कोर्टांचा कल काही वेगळा नाही. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेला फक्त पारशी सभासद ठेवण्याची मुभा दिली. त्यामुळे नुसते "भेदभाव आहे हो" म्हणून भागणार नाही. पण कलम 15 (2) मध्ये राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा सर्वांना खुल्या केल्या आहेत. त्या 'अंशतः' शब्दात बोल्यांचा ठरावच बोलतो आहे. सरकारच्या जमिनीवर नाममात्र भाड्याने उभ्या असलेल्या संस्थेला तो शब्द लागू करायला लावणे हे आपले काम आहे.

इथे आम्हाला उलट प्रश्न विचारला जातो: मग तुमच्या संस्थांचे काय? जरूर विचारा. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले, ते सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले होते. महाडच्या सत्याग्रहातही सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे होते. ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी आत येण्यासाठी एकत्र येणे आणि जे आत आहेत त्यांनी दार लावून घेणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

कोणी म्हणेल, आता काळ बदलला, पारशी जिमखान्याच्या संघातून सूर्यकुमार यादव खेळला. खरे आहे, आणि चांगलेच आहे. पण बाळूही खेळतच होते. खेळायला घेणे आणि सभासद करणे हे दोन वेगळे कागद आहेत, आणि मत देण्याचा, समितीत बसण्याचा, मैदान कोणाला कधी द्यायचे हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्या कागदावर मिळतो. आणखी एक गंमत. 1937 पासून पंचरंगी सामन्यांत पाचवा संघ आला, त्याचे नाव 'इतर'. ख्रिस्ती, ज्यू आणि बौद्ध यांना त्यात टाकले होते. मुले "आपला कुठला?" विचारतात, तेव्हा आम्ही हे सांगतो आणि ती हसतात.

यंदा आमच्या अभ्यासवर्गातली कॉलेजची मुले जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकणार आहेत. प्रश्न चारच ठेवले आहेत: या मैदानांचा भाडेपट्टा कधी संपतो, वार्षिक भाडे किती, सभासदत्वाविषयी पट्ट्यात काही अट आहे का, आणि बाहेरच्या शाळांना, वस्त्यांमधल्या संघांना आठवड्यातले किती तास मैदान द्यावे असे त्यात लिहिले आहे का. अर्जाचा मसुदा रविवारी विहारात वाचला जाईल. ज्यांच्या वस्तीजवळ सरकारी जमिनीवर असा क्लब आहे त्यांनी आपापल्या क्लबाचे नाव घालून तोच वापरावा.